पागुमेचा रकाना

होर्डोफा नमुने आणतो,
आणि स्वतःही एक नमुनाच आहे.
खांद्यावर पिवळी पेटी, पेटीत दिवसाच्या चार बाटल्या,
वहीला कव्हर नापास झालेल्या बकरीच्या कातड्याचं.
जिना चढायच्या आधी त्याचा वास वर येतो:
चुना, नासकं अंडं, ओलं मीठ.
मी खिडकी उघडत नाही.
बाहेरही तोच उभा असतो.

मोजो नदीला मी आकड्यांत ओळखते.
पुलाखाली ती निळसर हिरवी वाहते म्हणे;
माझ्याकडे येते ती दशांशचिन्ह लावून,
क्रोमियम, सल्फाइड, क्षार,
आणि कुठे कुठे ‘शोधमर्यादेखाली’,
म्हणजे नाही असं नव्हे,
आमच्या यंत्राला दिसलं नाही, इतकंच.

दोन वर्षं एक शिखर मला छळत होतं.
रोज चौथी बाटली, रोज रात्री आठ,
क्रोमियम तेवढं टाचा उंचावून उभं.
आणि कारखाना म्हणे, आठला आमचे ढोल थांबलेले असतात,
फाटकाला साखळी असते, या, बघा.
मी गेले. तीन रात्री त्या नळाच्या तोंडाशी उभी राहिले.
नळ कोरडा. मॅनेजरनं वर कॉफी पाजली.
कुठेतरी पाणी मुरत होतं
आणि मुरलेलं पाणी मोजायची पद्धत
मला कुणी शिकवली नव्हती.

मग होर्डोफाच म्हणाला, पेटी ठेवता ठेवता,
“येशिमेबेत, आठला तुम्ही आलाच नाहीत.
मी बॅटरी घेऊन थांबलो होतो.
कोंबडासुद्धा झोपलेला.”

आठ.
त्याचे आठ. माझ्या आईचे आठ.
या देशात दिवस सूर्य उगवल्यावर मोजायला लागतात,
उगवून एक तास झाला की एक वाजतो,
रात्रही तशीच, अंधार पडल्यापासून.
मी इथेच जन्मले, इथेच घड्याळ शिकले,
आणि परदेशाहून आलेल्या तक्त्यात आकडे भरताना
आईचं घड्याळ खुशाल विसरले.
त्याचे रात्रीचे आठ म्हणजे तक्त्याचे पहाटेचे दोन.

एकच ओळ लिहिली: वेळ अधिक सहा.
सगळा आलेख झोपलेल्या माणसासारखा
कुशीवर वळला,
आणि शिखर जाऊन बसलं बरोबर तिथे
जिथे कारखान्याच्या वीजमीटरवर पंप जागा होतो.
सहसंबंध शून्य पूर्णांक एक्क्याण्णव शतांश.
मला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.
होर्डोफा प्रत्येक ओळीत खरा होता.
त्याच्या बोटांवरचे खड्डेही.

अहवाल गेला. उत्तर आलं:
वार्षिक सरासरी मर्यादेतच आहे.
सरासरी ही फार समजूतदार बाई,
तीन बऱ्या बाटल्यांच्या पदराखाली
चौथी झाकून घेते.
कातडी कमावणाऱ्यांना
कातडी वाचवायलाही येते.

आणि पागुमे राहिलाच.
आमचा तेरावा महिना, पाच दिवसांचा, कधी सहा.
तक्त्याला रकाने बारा.
वर्ष संपताना कारखाना हौद धुतो,
त्याच दिवसांत पोरं पुण्य म्हणून पावसात नाहतात,
आणि पाऊस थांबला तर नदीत.
त्या वीस बाटल्या फ्रिजमध्ये माझ्या डब्याशेजारी आहेत.
संगणक विचारतो: महिना अवैध, वगळू का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
शेवटच्या बाटलीवर होर्डोफानं वेळ लिहिलीय, आठ,
आणि या खेपेला शेजारी
बॉलपेननं काढलेला
एवढासा, ओबडधोबड चंद्र,
मला कळावं म्हणून.